प्रति कर्मचारी व्यवसायावरून बँकेची कार्यक्षमता ठरते का?

निवृत्त शाखाधिकारी:
‘आकडेमोड’ यांनी काल लिहिले की, प्रति कर्मचारी व्यवसाय आणि उत्पन्नाशी खर्चाचे प्रमाण ही दोन मापे पुरेशी आहेत आणि त्यांत मागे पडणाऱ्या सरकारी बँका विकून टाकाव्यात. ३१ वर्षे नोकरी केलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही. ठेवी आणि कर्जे यांच्या बेरजेला माणसांच्या संख्येने भागले की प्रति कर्मचारी व्यवसाय निघतो. एखाद्या बड्या कंपनीला ५०० कोटी दिले की हा आकडा एका सहीत वर जातो. ते कर्ज थकायला चार-पाच वर्षे लागतात आणि तोवर सही करणारे साहेब बढतीवर निघून गेलेले असतात. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये मालमत्तेच्या गुणवत्तेची, म्हणजे बँकांची कर्जे खरोखर वसूल होत आहेत का याची, तपासणी हाती घेतली नसती, तर ती कर्जे आणखी काही वर्षे उत्तम कामगिरी म्हणूनच मोजली गेली असती.

माझ्या शाखेत बाजाराच्या दिवशी एक आजी श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला येत. शेतकामाने अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्र तो ओळखत नसे. आमचा शिपाई ओल्या फडक्याने अंगठा पुसून पुन्हा टेकवायचा, कधी चार वेळा, कधी सहा वेळा. ती वीस मिनिटे आपण कोणत्या रकान्यात धरणार?

आकडेमोड:
आजींबद्दल मलाही आदर आहे, पण थकीत कर्जांचा दाखला माझ्याच बाजूने जातो. मार्च २०१८ मध्ये सरकारी बँकांची ढोबळ अनुत्पादक, म्हणजे थकलेली, कर्जे एकूण कर्जांच्या १४ टक्क्यांच्या वर होती आणि खासगी बँकांची त्याच्या निम्म्याहूनही कमी. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारला २ लाख ११ हजार कोटींची भांडवल योजना जाहीर करावी लागली, ती मुख्यतः करदात्यांच्याच जोरावर. समाजसेवा करायची असेल, तर तिचा खर्च सरकारने वेगळा मोजून द्यावा. तिच्या आड ढिलाई लपवू नये.

यंत्रमागवाला, इचलकरंजी:
ढिलाई हा शब्द अगदी योग्य आहे. माझी कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा वाढवून मागितली, तेव्हा एका सरकारी बँकेने चार महिने घेतले. स्टॉक स्टेटमेंट तीनदा दिले, तारण मालमत्तेच्या मालकीचा सर्च रिपोर्ट दोनदा काढला, आणि दर वेळी उत्तर एकच: फाइल झोनल ऑफिसला आहे. सूत आणायला पैसे नसल्याने २४ पैकी १० माग दिवाळीपर्यंत बंद होते आणि कामगारांना तोंड दाखवायची मला लाज वाटत होती. पुढे खासगी बँकेने तेच काम १२ दिवसांत केले. अर्ज ते मंजुरी किती दिवस लागले, एवढे एकच माप मला पुरेसे आहे.

शिक्षिका, सातारा:
खासगी बँकेचे १२ दिवस मीही अनुभवले आहेत. गृहकर्ज झटपट मंजूर झाले, पण धनादेश हाती देण्यापूर्वी विम्याच्या अर्जावर सही घेतली आणि सांगितले की, हा कर्जाचाच भाग आहे. हप्ता पाहिल्यावर कळले की ती गुंतवणुकीची पॉलिसी होती आणि कर्जाशी तिचा काहीही संबंध नव्हता. परत करण्याची मुदत उलटून गेली होती. त्या पैशांत मुलीची वर्षाची फी भरली गेली असती.

यंत्रमागवाला, इचलकरंजी:
ताई, विमा सरकारी बँकही गळ्यात मारते. चार महिने थांबवून वर तोही माझ्याकडून घेतलाच.

निवृत्त शाखाधिकारी:
सरसकट आरोप करू नका. कर्ज बुडाले तर निवृत्तीनंतरही चौकशी मागे लागते, म्हणून फाइल वर पाठवली जाते. माझ्या एका सहकाऱ्याचे निवृत्तिवेतन अशाच चौकशीत अडकले होते. बाहेरून बोलणे सोपे असते.

अर्थशास्त्राची अध्यापिका:
विम्याचा विषय अवांतर वाटला, तरी मूळ प्रश्नाची गाठ तिथेच आहे. त्या पॉलिसीचे कमिशन बँकेच्या इतर उत्पन्नात जमा होते, उत्पन्न वाढले की खर्चाचे प्रमाण घटते, आणि ‘आकडेमोड’ यांच्या मापाने ती बँक अधिक कार्यक्षम ठरते. ग्राहकाचे नुकसान हेच तिथे गुण म्हणून मोजले जाते. बँक मित्रांचेही, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधींचेही, तसेच. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने ही व्यवस्था खुली केली. गावोगावचे काम ते करतात, पण कर्मचारी म्हणून भाजकात येत नाहीत.

चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या संशोधकांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अनेक साधने (कामाला जे लागते ते) आणि अनेक फलिते (कामातून जे निघते ते) एकत्र धरून प्रत्येक संस्थेची तुलना तिच्यासारख्यांपैकी सर्वोत्तम संस्थांशी करता येते. पण तिथेही ठेवींना साधन मानायचे की फलित, यावर मतभेद आहेतच, आणि त्या निवडीनुसार बँकांचा क्रम बदलतो. माप निवडतानाच आपण बँकेचे काम काय, हे ठरवून बसतो.

आकडेमोड:
कमिशनचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तेवढा मागे घेतो. विक्रीबाबतचे मत बदललेले नाही. थकीत कर्जे वजा करून आणि बँक मित्र धरून आकडे मांडा, मग बोलू.

निवृत्त शाखाधिकारी:
मांडू. पण त्याआधी सातारच्या ताईंना एक सांगायचे आहे. मार्चअखेर विम्याचे उद्दिष्ट अपुरे होते, तेव्हा ज्याची कर्जाची फाइल माझ्या टेबलावर होती, अशा एका दूधवाल्याला मी पॉलिसी घ्यायला लावली होती. त्याने काही न विचारता सही केली. त्या वर्षी विभागात माझी शाखा पहिली आली.