मदत हवी आहे: स्लॅबमधल्या पीव्हीसी पाइपला फायर कॉलर बसवायला जागाच नाही

नमस्कार मंडळी, बहुमजली इमारतीच्या ड्रेनेजचं डिझाइन करतोय. ११० मिमीचे पीव्हीसी पाइप प्रत्येक स्लॅबमधून उतरतात. आगीत पाइप वितळला की स्लॅबला थेट भोक उरतं आणि धूर वरच्या मजल्यावर. म्हणून स्लॅबखाली फायर कॉलर (पाइपभोवती स्क्रूने बसवायचं धातूचं कडं) धरलाय. उष्णतेने आतली पट्टी फुगते आणि मऊ पडलेला पाइप दाबून भोक बंद करते. अडचण अशी, की काही ठिकाणी स्लॅबला लागूनच टी-जोड येतो आणि पाइप भिंतीला इतका चिकटलाय की कॉलरचे स्क्रू मारता येत नाहीत. तिथे स्लॅबच्या जाडीतच फुगणारी पट्टी गुंडाळून भोवती ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरावं, की तेवढा भाग बिडाचा घ्यावा? नुसता फोम मारायला मन धजत नाही, वर माणसं झोपलेली असतात. अशा वस्तूंच्या आगीच्या टेस्ट रिपोर्टमध्ये तुम्ही नेमकं काय बघता, तेही कृपया सांगा.