टेहळणीच्या तुकडीत आधी माणसं मोजा, गाड्या नंतर

घोरपडीकर:
रविवारी पहाटे पुण्याहून निघून मुलीला नगरचं रणगाडा संग्रहालय दाखवून आणलं. परत येताना शिरूरला चहाला थांबलो तेव्हा तिने विचारलं, "बाबा, पुढे जाऊन शत्रू बघून येणाऱ्या तुकडीत गाड्या किती असतात?" मी आकडा सांगून टाकला आणि वाघोलीपर्यंत तोच डोक्यात घोळत राहिला. चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या मेकॅनाइज्ड बटालियनच्या रेकी, म्हणजे टेहळणीच्या, प्लाटूनमध्ये मी बरीच वर्षं काढली. सगळे गाड्याच मोजतात, आणि चूक तिथेच होते.

बीएमपी-२ ही सैनिक वाहणारी चिलखती गाडी घ्या. ड्रायव्हर, गनर, कमांडर असे तिघे क्रू, मागे सात जणांची जागा. बीआरडीएम-२ या चाकांच्या टेहळणी गाडीत क्रू चौघांचा आणि मागे इंजिन. त्यातून दोघं उतरले की गाडी लंगडी. ब्रिटिशांच्या हलक्या सिमिटर गाडीत तर तिघेच.

आता रात्रीची ओपी, म्हणजे लपून शत्रूवर नजर ठेवायची चौकी. एक दुर्बिणीला, एक रेडिओवर आणि पाठीमागे लक्ष ठेवायला, दोघं झोपलेले. म्हणजे चार लागतातच. दुसऱ्या रात्रीही त्यांचे डोळे शाबूत हवे असतील तर सहा. अमेरिकन सैन्याने एकेकाळी एका स्काउट, म्हणजे टेहळणीच्याच, प्लाटूनमध्ये ३ ब्रॅडली चिलखती गाड्या आणि ५ हमवी जीपा अशी खिचडी केली होती. एकीला चिलखत, दुसरीला जवळपास नाही. एक पट्ट्यांवर, दुसरी चाकांवर. आणि उतरायला माणसं मोजकीच. पुढे त्यांनी ६ ब्रॅडली आणि ३६ माणसं ही रचना आणली. १८ गाडीत, १८ जमिनीवर. मला ती पटते.

इंजिन बंद केलं की बराच वेळ तापलेला पत्रा टिकटिक करत राहतो. तो गप्प झाला की मग रात्र ऐकू यायला लागते: दूरचं कुत्रं, कुणाचं तरी खोकणं. गाडीत बसून हे कळत नाही. पायउतार व्हावंच लागतं.

वानवडीचा सवार:
घोरपडीकर साहेब, तुमचा हिशेब शांत रात्रीचा आहे. शत्रू आपल्या पुढच्या चौक्यांचा पडदा टाकून बसलेला असतो, तो फाडल्याशिवाय मागचं काही दिसत नाही. आखाती युद्धातली, २६ फेब्रुवारी १९९१ची ७३ ईस्टिंगची (ही नकाशावरची एक रेषा) लढाई आठवा. अमेरिकेच्या दुसऱ्या कॅव्हलरी रेजिमेंटचा ईगल ट्रूप, म्हणजे कंपनीएवढी तुकडी, वाळूच्या वादळात थेट इराकी रिपब्लिकन गार्डवर जाऊन धडकला. त्या ट्रूपमध्ये ब्रॅडलीवाल्या स्काउट प्लाटून होत्याच, पण त्यांच्या जोडीला एकूण ९ अब्राम्स रणगाडे होते. म्हणून ते टिकले आणि पुढे घुसले. नुसती दुर्बीणवाली माणसं असती तर? टेहळणी तुकडीला स्वतःची तोफ हवी. दुसऱ्याकडून मागवायची म्हणजे वेळ गेला.

दापोडीचा सॅपर:
दोघंही मोठे, पण दोघांच्याही हिशेबात मी, म्हणजे फौजेतला इंजिनिअर, कुठेच नाही. मागून येणाऱ्या ब्रिगेडला शत्रू कुठे आहे एवढंच कळून भागत नाही, तिथे पोचता येईल का हे कळावं लागतं. आम्हाला मुळेच्या काठावर शिकवलं होतं: पाण्यात उतरा, पहार तळात रोवा, किती जाते बघा. वर टणक वाटणारा तळ हातभर खाली लोणी निघतो. काठाचा चढ मोजा, पुलाच्या कमानी मोजा, तडे बघा. पंजाबच्या कालव्यांवर आणि बांधांवर हीच माहिती सोन्याची ठरते.

गाडीचं वजनही याच खात्यात जातं. १९८२च्या युद्धात फॉकलंड बेटांच्या दलदलीत गाड्या रुततील अशी धास्ती होती. ब्रिटिशांनी नेलेल्या ४ स्कॉर्पियन आणि ४ सिमिटर या हलक्या गाड्या चालल्या, कारण त्यांचा जमिनीवरचा दाब कमी. प्रत्येक टेहळणी प्लाटूनमध्ये दोन सॅपर कायमचे द्या. आयत्या वेळी जोडलेला माणूस प्लाटूनच्या खाणाखुणाही ओळखत नाही.

कोथरूडकर:
मी फौजेत नव्हतो, ड्रोन बनवतो, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो. २६ जुलै २०२५ला द्रासमध्ये लष्करप्रमुखांनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून आणल्याचं सांगितलं. मग ओपीसाठी सहा-सहा माणसं कशाला अडकवायची? दोन क्वाडकॉप्टर आळीपाळीने उडवा. जर्मन फेनेक या टेहळणी गाडीत तिघेच असतात आणि छतावरून वर येणाऱ्या खांबावर कॅमेरा असतो, म्हणजे गाडी टेकडीआड आणि डोळा वर.

वानवडीचा सवार:
ज्या वादळाचं मी सांगितलं, त्यात हेलिकॉप्टरंही खाली होती. तुमचं क्वाडकॉप्टर उडेल?

घोरपडीकर:
कोथरूडकर, ड्रोन हवाच. पण उडवणारा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेला असतो, त्याच्या आजूबाजूला कोण बघणार? एका ड्रोनमागे दोन माणसं धरा. बॅटऱ्या चार्ज करायला गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर तो आवाज आणि ती उष्णता लपत नाही, तेव्हा चार्जिंग पुढे नाही, मागच्या गाडीवर.

सॅपरदादा, तुमचं शंभर टक्के मान्य. मी विसरलो होतो.

तर माझी मांडणी: ६ बीएमपी-२. मागे सातजणांची जागा असली तरी पाणी, बॅटऱ्या, जाळ्या टाकल्यावर पाचच नीट बसतात. म्हणजे उतरायला ३०. त्यातले २४ चार ओपींवर, ४ दोन ड्रोनवर, २ सॅपर. क्रूचे १८ गाड्यांतच राहतील. ओपीवर गेलेल्याला गाडीत भरती करायची नाही आणि गनरला पहाऱ्याला उभं करायचं नाही. सवार साहेब, रणगाडे तुमचे, पण ते मागे आणि वेगळ्या कमांडरच्या हाताखाली.

वानवडीचा सवार:
वेगळा कमांडर नको, तिथेच माझा विरोध आहे. चार ओपी दोन-दोन किलोमीटरवर पसरल्या आणि शत्रूने रात्री रेटा दिला, तर त्या २४ जणांना उचलायला गाड्या पुढे घालाव्या लागतील. त्या क्षणी रणगाडे त्याच कमांडरच्या रेडिओवर हवेत. तो दुसऱ्याकडे परवानगी मागत बसला तर पुढची ओपी गेलीच समजा. २४ऐवजी १८ करा, तीन ओपी ठेवा, आणि रणगाड्यांचा एक ट्रूप (आपल्याकडची छोटी तुकडी) याच तुकडीत द्या.

घोरपडीकर:
तीन ओपीत दोन वाटा उघड्या राहतात. चौथी मी सोडणार नाही. रेडिओचं मात्र तुमचं खरं आहे. रणगाडे घ्या याच कमांडरच्या हाताखाली.