टच बोर्ड, क्विझ ॲप, सिम्युलेशन... यांनी शिकवणं खरंच सुधारलंय का?

गणितवाली:
आठ वर्षं खडू-फळ्यावर गणित शिकवलं, गेली चार वर्षं टच बोर्डवर, त्यामुळे दोन्हीकडचं बघून बोलतेय. आधी मी त्रिकोण काढायचे, कोन मोजायचे, बेरीज १८० लिहायचे आणि मुलं ते वहीत उतरवून विसरायची. आता जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं ॲप उघडते आणि एकाला म्हणते, ये, टोक धर आणि ने कुठंही. त्रिकोण चपटा होतो, लांबुळका होतो, तिन्ही आकडे पळत असतात पण बेरीज जागची हलत नाही. मग मागून कुणीतरी विचारतं, बाई तिन्ही टोकं एका रेषेत आणली तर? शून्य, शून्य आणि १८०! हा प्रश्न मला आधीच्या आठ वर्षांत एकदाही आला नव्हता. फळ्यावरचा त्रिकोण हलतच नाही, सुचणार कसा?

वहीपेन:
उदाहरण आवडलं, पण टोक एकानं ओढलं आणि बाकीचे बघत बसले, बरोबर ना? आणि दिसणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. माझी मुलगी आता म्हणते, दिसतंय की १८०, मग समांतर रेषा काढून सिद्ध कशाला करायचं? युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालातही हेच आहे की शिक्षणातल्या तंत्रज्ञानाच्या फायद्याचा निःपक्षपाती पुरावा फार थोडा मिळतो. स्वीडननं तर त्याच वर्षी पुन्हा छापील पुस्तकांकडे मोर्चा वळवला. त्यांनी आधी भरपूर वापरून बघितलंय हो, उगाच नाही मागे फिरले.

गणितवाली:
सिद्धता मी वहीतच करून घेते, ते सोडलेलं नाही. पण एकानं ओढलं आणि बाकीचे बघत बसले हे मात्र खरं आहे, ते मलाही खटकतं.

तारजोडणी:
भौतिकशास्त्राचं सांगतो. निम्म्या मुलांना वाटतं की बल्ब करंट खाऊन टाकतो आणि पुढच्या तारेत कमी उरतो. खऱ्या तारेत आत काय चाललंय ते दाखवणार कुठून? नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग, सुरू केली, त्यातल्या सर्किटमध्ये इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, बल्बच्या आधी आणि नंतर सारख्याच वेगानं. दोन मिनिटांत गैरसमज उघडा पडतो. खरी तार पण हातात द्यायचीच, कारण स्क्रीनवर जोड कधी सैल होत नाही आणि सैल जोड शोधणं हे सुद्धा शिक्षणच आहे.

मागचा_बाक:
मी शिकणाऱ्यांच्या बाजूनं बोलते. टायमरवाल्या क्विझचा मला अजून राग आहे. वीस सेकंद, वर धडधडणारं म्युझिक आणि प्रत्येक प्रश्नानंतर पहिल्या पाचांची नावं स्क्रीनवर. मला उत्तर यायचं पण पंचविसाव्या सेकंदाला, मग मी वाचायचं सोडून नुसतं दाबायला लागले, आणि सरांना वाटायचं काय मस्त वर्ग रंगलाय. हळू विचार करणाऱ्यांना तिथं जागाच नव्हती.

वहीपेन:
हेच म्हणतोय मी!

तारजोडणी:
पण हा दोष टायमरचा आहे, तो बंद करता येतो. हार्वर्डचे एरिक मेझर १९९१ पासून जे करतात ते बघा: एक प्रश्न, प्रत्येकानं आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. सुरुवातीला हात वर करून आणि कार्डं दाखवून, क्लिकर, म्हणजे उत्तराचं बटण दाबायचं छोटं रिमोटसारखं यंत्र, नंतर आले. कॉलेजातल्या विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले, नुसत्या लेक्चरमध्ये नापास होणारे सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२.

वहीपेन:
मग कार्डांनी भागतंय की, मशीन हवंच कशाला?

तारजोडणी:
कार्ड वर करताना मुलं हुशार मुलाकडे बघून आपलं बदलतात. क्लिकरवर कुणाचं उत्तर कुणाला दिसत नाही, आणि मला एका नजरेत कळतं की अर्धा वर्ग चुकलाय, पुढं जायचं नाही.

मागचा_बाक:
आमच्या सरांनी असं कधीच केलं नाही, कितीही चुकले तरी पुढचा प्रश्न यायचा.

गणितवाली:
मी टायमर काढते, नावंही काढते. पण तारजोडणी, पहिल्या मतानंतर कुठल्या उत्तराला किती मतं याचा आलेख मुलांना लगेच दाखवता का? मी दाखवला तर सगळी उंच खांबाकडे वळली, चर्चा झालीच नाही.

तारजोडणी:
नाही, वाद होईपर्यंत झाकून ठेवतो. तो फक्त माझ्यासाठी असतो.