फंक्शनल लँग्वेजला 'डिफर' हवाच कशाला?

कृष्णाकाठ, सांगली:
परवा इथं एकानं लिहिलं की क्लोजर या फंक्शनल लँग्वेजमध्ये गो लँग्वेजसारखा डिफर (फाईल बंद करण्यासारखं काम फंक्शन संपताना व्हावं म्हणून आधीच सांगून ठेवायची सोय) नाही, म्हणून ती प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या कामाला, घेऊच नये. डोकंच फिरलं वाचून. क्लोजरला विथ-ओपन आहे ना! कंस संपला की फाईल बंद, मधे एक्सेप्शन आलं, म्हणजे चूक होऊन काम तुटलं, तरी बंद, कारण आत ट्राय-फायनलीच आहे, काम तुटलं तरी शेवटची साफसफाई करणारं. हॅस्केल या दुसऱ्या फंक्शनल लँग्वेजला त्याच कामाचं ब्रॅकेट आहे. आणि तुमचा तो डिफर ब्लॉक संपल्यावर नाही, फंक्शन संपल्यावर चालतो. लूपमध्ये फायली उघडत जा, सगळ्या शेवटपर्यंत उघड्या, मग 'टू मेनी ओपन फाईल्स' आलं की बसा रडत.

माहुलीकर, सातारा:
पोस्ट माझीच आहे. विथ-ओपन फक्त क्लोज करतं. टेम्प (तात्पुरती) फाईल उडवायची, लॉक (एका वेळी एकच प्रोग्राम चालावा म्हणून लावलेलं कुलूप) सोडायचा, तर परत हातानं ट्राय-फायनली लिहा, तिन्ही असले की कोड उजवीकडं सरकत जातो. आणि लेझीचं, म्हणजे मागितल्याशिवाय डेटा न वाचण्याचं, काय? एका कारखान्याचं वजनकाट्याचं काम होतं, पोरानं लाइन-सेक (फाईलच्या ओळींची लेझी यादी) वर मॅप (प्रत्येक ओळीवर तेच काम) लावून तसाच बाहेर दिला, फाईल आधी बंद झाली, वाचायला गेलं की 'स्ट्रीम क्लोज्ड'. बाहेर उसाचे ट्रॅक्टर लाईनीत आणि पावती निघंना.

कृष्णाकाठ:
मग डोऑल लावून सगळं आधीच वाचून घ्यायचं की, नायतर रिड्यूस, म्हणजे गोळाबेरीज, आतच करायचं. लेझी सीक्वेन्स तसाच बाहेर दिला तर डिफरनं पण तेच झालं असतं, फंक्शन संपलं की फाईल गेलीच.

हरिपूरकर:
दोघंबी भांडताय, पण लाईट गेल्यावर ना डिफर चालतो ना फायनली. २०१९ च्या महापुरात आमच्याकडं लाईट गेली, इन्व्हर्टर बसला, मशीन धाडकन बंद. परत चालू केलं तर जुनी लॉक फाईल तशीच, प्रोग्राम म्हणतोय दुसरा कोणतरी चालू आहे. किल -९ मारलं, म्हणजे प्रोग्राम जबरदस्तीनं मारला, तरी तेच.

माहुलीकर:
विषय काय, तुम्ही बोलताय काय. पुराचं इथं काय काम?

हरिपूरकर:
काम आहे म्हणूनच बोलतोय! आवाज चढवू नका. साफसफाई प्रोग्राम संपताना होईल या भरवशावर बसूच नये, सुरू होतानाच मागची घाण तपासायची. लॉक फ्लॉकनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्याच कुलपानं, धरा, प्रोसेस (चालू प्रोग्राम) मेली की कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपोआप सोडतं. डेटा टेम्प फाईलीत लिहा, एफसिंक करा, म्हणजे डिस्कवर पक्का उतरवा, मग रिनेम करून खऱ्या नावावर आणा. खऱ्या नावाची फाईल अर्धवट उरतच नाही.

विश्रामबाग:
तरी म्हणतो, इन्व्हर्टरची बॅटरी वेळेत बदला. आमच्याकडं पाणी घालायला पण कुणी नव्हतं.

हरिपूरकर:
बॅटरी बदलून किल -९ थांबत नाही हो.

माहुलीकर:
बरं, फ्लॉकचं मान्य. लेझीचंही, डिफरनं सुटलं नसतं. पण टेम्प फाईल उडवायला मला एका ओळीत लिहायचंय, ते क्लोजरच्या कोअरमध्ये अजून नाही, त्यावर मी ठाम आहे.

कृष्णाकाठ:
चार ओळींचा मॅक्रो (लँग्वेजला आपणच जोडायची नवी सोय) आहे भावा. संध्याकाळी टाकतो.