सहकारनगरचा जुना फ्लॅट विकून आंबेगाव/वाघोलीला जावं का? आमचा भाग खरंच उतरणीला लागलाय?

तळजाईचा पायथा (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. घरात दोन तट पडलेत.

आईबाबांचा पुण्यात सहकारनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे. इमारत ऐंशीच्या दशकातली, लिफ्ट नाही, आणि बाबांचे गुडघे बोलायला लागलेत. रिडेव्हलपमेंटची चर्चा दर वार्षिक सभेत होते आणि चहा-वेफर्सवर संपते. धाकट्या भावाचं म्हणणं, "हा एरिया आता संपला. अर्ध्या फ्लॅटांत म्हातारे, अर्ध्यांत भाडेकरू. विकू या, तेवढ्याच पैशांत आंबेगावला नाहीतर वाघोलीला लिफ्ट-क्लबहाउसवाला मोठा फ्लॅट येईल." माझं ऑफिस खराडीत, त्यामुळे वाघोली मलाही सोयीची. आई म्हणते, तुम्ही जा, मी तळजाईची टेकडी सोडून कुठे येत नाही.

तर प्रश्न असा, की आमचा भाग खरोखर बिघडतोय, का आम्हालाच रोज बघून कंटाळा आलाय? आणि तिकडचे भाग "सुधारणार, सुधारणार" म्हणतात, ते कधी?

पेठेतला उरलेला

विकू नका. (न विचारताही हेच सांगितलं असतं.)

सदाशिव पेठ "संपली" हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. वाडे गेले, त्या जागी पार्किंग नसलेल्या इमारती आल्या. मग स्पर्धा परीक्षावाली मुलं आली. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिस. आमच्या जिन्यात चपला ओलांडून वर जावं लागतं. मालक भाडं मोजतो आणि म्हणतो भाग सुधारला. त्याच जिन्यात राहणारी माझी आई म्हणते बिघडला. २०२४ च्या सप्टेंबरात मंडईला मेट्रो आली, तेव्हा दोघांनाही आनंद झाला. गाडी लावायला जागा मात्र अजून कोणालाच सापडलेली नाही.

वाघोलीकर (सध्यातरी)

वाघोलीत राहतो, म्हणून लिहितो. गेटच्या आत सगळं उत्तम आहे. पोरांना खेळायला जागा, शेजार तरुण, गणपतीला धमाल. गेटच्या बाहेर नगर रोड. ऑफिस खराडीत असलं तरी सकाळी जी गंमत होते ती गूगल मॅपवर रात्री बघून कळणार नाही. सोमवारी साडेआठला स्वतः गाडी चालवून बघा.

फ्लॅट बघायला गेलात की सँपल फ्लॅटमध्ये वेळ घालवू नका. शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा आणि मेंटेनन्सच्या हिशेबात टँकरवर महिन्याला किती जातात ते विचारा. उन्हाळ्याचे महिने वेगळे विचारा. गाव २०२१ मध्ये महापालिकेत आलं, कर आला, पाइपातलं पाणी अजून आमच्यापर्यंत यायचंय.

रामवाडी–वाघोली मेट्रोला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली हे खरं. मंजुरी आणि मेट्रो यांच्यात पुण्यात किती अंतर असतं ते तुम्हाला माहीत आहे. उलट तुम्ही आजच स्वारगेटला बसून, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून रामवाडीला उतरू शकता. पुढे रिक्षा किंवा पीएमपीची बस. हे मी तुमच्या जागी असतो तर आधी करून बघितलं असतं.

जुने नकाशे

वाघोलीकरांना +१. थोडं मागे जाऊन लिहितो, लांबेल.

तुमचं सहकारनगरच एकेकाळी आजच्या वाघोलीसारखं गावाबाहेर होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि हजारो कुटुंबांना नव्या जागा शोधाव्या लागल्या. सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर हे भाग वाढले त्यात या पूरग्रस्तांचा मोठा वाटा आहे. तेव्हा पेठेतले लोक "पर्वतीच्या पलीकडे कोण राहणार" म्हणायचे. पुढे हेच कोथरूडच्या बाबतीत म्हणून झालं.

त्यामुळे "आज चिखल, वीस वर्षांनी कोथरूड" असं बिल्डर सांगतात. यात अर्धं सत्य आहे. पुण्यात इमारती आधी येतात आणि महापालिका नंतर. १९९७ ला मोठ्या संख्येने गावं आली, २०१७ ला ११, २०२१ ला २३. ग्रामपंचायतीच्या काळात बांधकामं उभी राहतात, मग हद्दवाढ, मग विकास आराखडा, मग भूसंपादनाचे वाद, आणि सगळ्यात शेवटी पाणी-ड्रेनेज. उशिरा का होईना, पाइप येतो. रस्त्याची रुंदी मात्र नंतर येत नाही. कोथरूडमध्ये मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी असे आखीव लेआउट होते, म्हणून ते भाग सावरले. तिथेच टेकडीच्या उतारावरच्या सुतारदऱ्यात गल्ल्या अरुंद त्या अरुंदच राहिल्या. नावाला दोन्ही कोथरूडच. धायरीच्या बाजूला गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटांतून जे रस्ते उरलेत, त्यातून अग्निशमनची गाडी वळेल का ते बघा. याच्या उलट मगरपट्टा. शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र केल्या, आधी रस्ते आखले, मग बांधलं. त्या भागाच्या म्हातारपणाची मला एवढी काळजी नाही.

दुसरं म्हणजे एकच भाग एकाच वेळी दोन्हीकडे जातो. सिंहगड रोडचं बघा. उड्डाणपूल झाला. आणि त्याच रस्त्यालगतच्या एकतानगरीत जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला तेव्हा तळमजले बुडाले. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण निघाले आणि सगळं बोट पाण्याकडे गेलं. आता सिंहगड रोड सुधारला म्हणायचा की बिघडला? मी तर भागाबद्दल बोलणंच सोडलंय. गल्ली सांगा, मग बोलू.

आणि तुमची गल्लीही सांगा. सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर भागात काय केलं ते तुमच्या घरात आठवत असेलच. ओढ्यापासून किती लांब आहात, आणि त्या रात्री पार्किंगमध्ये पाणी कुठवर होतं, यावरून मी तुमच्या फ्लॅटचं भवितव्य ठरवेन. भाडेकरू किती आहेत यावरून नाही.

हात पोळलेला सेक्रेटरी

नकाशेरावांनी रुंदी म्हटलंय तेच रिडेव्हलपमेंटलाही लागू. तुमच्या समोरचा रस्ता टेपने मोजा. नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही, आणि मग बिल्डरला त्यात रस उरत नाही. तुमच्या सभेत चहा-वेफर्सच्या पुढे गाडी जात नाही त्याचं कारण कदाचित सभासदांचा स्वभाव नसून रस्ता असेल. अशा वेळी शेजारच्या एक-दोन सोसायट्यांनी एकत्र यायचा पर्याय असतो. दोन चेअरमनांना एका टेबलाशी बसवणं हे वेगळंच काम, पण होतं.

सहकार कायद्याच्या कलम ७९-अ ची (रिडेव्हलपमेंटची) प्रक्रिया पूर्ण करा, सभेचं व्हिडिओ शूटिंग करा. "ओळखीतला बिल्डर आहे, चांगला माणूस आहे" असं कोणी म्हणालं की बँक गॅरंटी मागा. आमच्याकडे अशाच एका चांगल्या माणसाने, काम चालू असताना सभासदांना द्यायचं घरभाडं मध्येच बंद केलं आणि सत्तरीतली माणसं पुन्हा घर शोधत फिरली.

शिवाय रिडेव्हलपमेंट होईपर्यंत बाबांचे गुडघे थांबणार नाहीत. बाहेरून लिफ्ट लावून घेता येते का, आर्किटेक्टला दाखवा. परवानगी लागते, खर्च वाटून घ्यावा लागतो, तळमजलेवाले भांडतात. पण अनेक जुन्या सोसायट्यांनी हे केलंय.

आंबेगावची सून

आंबेगावबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. हवा छान, टेकड्या जवळ. पण शहरात यायचं म्हणजे कात्रज नाहीतर नवले पूल, आणि त्या उतारावर ट्रकच्या पुढे गाडी चालवताना मी अजूनही जीव मुठीत धरते. सासूबाईंना धायरी-आंबेगावकडे मैत्रिणी मिळायला फार वेळ लागला. पायी जाण्यासारखं देऊळ नाही, भाजीवाली नाही, सगळं ॲपवर. घ्यायचंच असेल तर आधी पावसाळाभर भाड्याने राहा. आईंना घेऊन राहा, एकटे नको.

तळजाईचा पायथा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार, विशेषतः नकाशे आणि सेक्रेटरी. ओढा आमच्यापासून लांब आणि आम्ही चढावर, २०१९ ला पार्किंग कोरडं होतं. रस्ता आज मोजला, भाऊ टेप धरायला आला होता. नऊच्या थोडा वर भरतो. लिफ्टसाठी आर्किटेक्टला रविवारी बोलावलंय. वाघोली तूर्त बाजूला ठेवली, भाऊ मात्र आंबेगावावर ठाम आहे.

एक विचारायचं राहिलं. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं) झालेलंच नाही. चेअरमन म्हणतात, मूळ बिल्डर वारला, आता कोण सही करणार.

हात पोळलेला सेक्रेटरी

मग बाकी सगळं थांबवा, आधी हे. सही करायला कोणी नसेल तरी डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने होणारं, मिळतं. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे. सगळ्या फ्लॅटांचे करारनामे, इंडेक्स टू, प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा गोळा करायला लागा. जुन्या सभासदांचे करारनामे बँकेत नाहीतर माळ्यावर असतात, त्यातच महिने जातात. चेअरमनांना म्हणावं, येत्या सभेत वेफर्स जरा कमी आणि झेरॉक्स जास्त आणा.