आईबाबांची रोजची भांडणं आणि आईचं गुडघ्याचं ऑपरेशन

लेक_सांगलीची: बाबा रिटायर झाल्यापासून घरात दिवसभर काही ना काही चालूच असतं, चहात साखर जास्त झाली, टीव्हीचा आवाज मोठा आहे, आणि तिथून विषय थेट लग्नातल्या मानपानावर जातो, मग दोन दोन दिवस अबोला. पुढच्या महिन्यात आईचा गुडघा बदलायचाय, तिला शुगरपण आहे. भाऊ म्हणतो त्यांचं आयुष्यभर असंच चाललंय, तू मध्ये पडू नकोस. पण ह्या कटकटीने जखम भरायला वेळ लागतो का हो? मला खरंच काळजी वाटतेय.

बायोवाली: ताई, काळजी बरोबर आहे तुमची. ह्यावर प्रयोगच झालाय. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांचे पती रोनाल्ड ग्लेझर ह्यांच्या टीमने ४२ जोडप्यांच्या हातावर बारीक फोड आणले, एका वेळी एकमेकांना आधार देणारं बोलायला लावलं आणि दुसऱ्या वेळी भांडणाच्या विषयावर, आणि जखम कशी भरते ते रोज बघितलं. २००५ मध्ये छापून आलं. वादानंतर जखम हळू भरली, आणि जी जोडपी एकमेकांना लागेल असं बोलत होती त्यांचा भरण्याचा वेग बाकीच्यांच्या साधारण ६० टक्केच होता. जखमेपाशी जी साइटोकाइन्स (पेशींना निरोप देणारी प्रथिनं) लागतात ती तिथे कमी पडली आणि रक्तात मात्र वाढली. शिवाय टेन्शनमध्ये कॉर्टिसोल नावाचं हार्मोन वाढतं, त्याने शुगर चढते.

विन्या७१: मान्य, पण ४२ जोडपी म्हणजे फार नाहीत आणि हातावरचा फोड वेगळा, गुडघा वेगळा. आधी शुगर कंट्रोलमध्ये आणा, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) किती आहे ते सर्जनला दाखवा, इन्फेक्शनची खरी भीती तिथे आहे.

माई_चिपळूण: दोघांचंही बरोबर आहे. फक्त आईला "तुमच्या भांडणामुळे जखम भरणार नाही" असं चुकूनही म्हणू नकोस गं, आजारी माणसाच्याच डोक्यावर खापर फुटतं. बाबांशी एकटीने बोल, त्यांच्याकडे ठरावीक काम दे, शुगर तपासून लिहून ठेवणं, वॉकर धरून आईला हॉलमध्ये चालवणं, फिजिओच्या वेळा. रिटायर झालेल्या माणसाला दिवस खायला उठतो आणि तो राग बायकोवर निघतो, मी घरात बघितलंय. आणि आई फारच गप्प गप्प वाटली तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात.

लेक_सांगलीची: सगळ्यांचे खूप आभार. बाबांना वहीत हिशोब लिहायची जुनी सवय आहे, शुगरची वही त्यांच्याचकडे देते. आणि हे भावाला वाचायला पाठवतेय.