सध्या हातात कोणतं पुस्तक आहे, आणि ते कुणी दिलं? (विज्ञानकथा, अद्भुतकथा)

पावसाळा संपला की कपाट रिकामं करून पुस्तकांना ऊन दाखवायचं, ही आमच्या घरची जुनी पद्धत. यंदा गच्चीत सतरंजीवर पुस्तकं मांडता मांडता ‘यक्षांची देणगी’ हाती आलं आणि मी तिथेच बसून वाचत राहिले. बाबांनी अप्पा बळवंत चौकातून आणलेली प्रत. पानं चहाच्या रंगाची झालीत, शिवण सुटलीय. आतल्या कोऱ्या पानावर बाबांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘ना. वि. ज. म्हणजेच ज. वि. ना.!’ १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत या पुस्तकाचे लेखक, खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आपलं नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून आद्याक्षरं उलटी केली, आणि पहिलं बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं. बाबा ही गोष्ट जेवताना सांगायचे, दर वेळी तेवढ्याच आनंदाने.

त्यावरूनच हा धागा काढतेय. सध्या काय वाचताय ते लिहाच, पण ते पुस्तक तुमच्यापर्यंत कुणाच्या हातून आलं तेही लिहा. या प्रकारची पुस्तकं दुकानातल्या फळीवरून कमी आणि माणसांकडून जास्त येतात, असा माझा अनुभव आहे.

शनिवार पेठ

मी बँकेतून निवृत्त झालो. अकरा वर्षं पुणे-मुंबई रोजची ये-जा केली. डेक्कन क्वीनच्या पासवाल्या मंडळींत एक कुलकर्णी होते, त्यांनी नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचायला दिली आणि म्हणाले, “घाट लागला की सुरू करा.” कथेतले गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात, गाडी लांब बोगद्यातून बाहेर पडते आणि सरहद नावाचं स्टेशन लागतं. तिथून पुढे इंग्रजांचा मुलूख! कारण या जगात पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. मी ते पान वाचत असताना आमची गाडीही बोगद्यात शिरली, डब्यात दिवे लागले. बाहेर आल्यावर कोणतं स्टेशन दिसतंय हे मी खरोखर मान वळवून पाहिलं.

सगळा फरक कशाने पडतो, तर पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी इथे कानाजवळून निघून जाते. तीळभर अंतर. आपण ‘तीळभर’ हा शब्द दिवसातून दहादा वापरतो, त्याचं वजन मला त्या दिवशी कळलं. इतिहास वाचणाऱ्यांनी, ‘विज्ञानकथा आपल्यासाठी नाहीत’ म्हणणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

हिंजवडी

मी सध्या लिऊ त्सशिनची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ दुसऱ्यांदा वाचतोय. चिनीत पुस्तकरूपाने २००८ साली आली, केन लिऊने केलेलं इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये, आणि पुढच्या वर्षी विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार. टीममधल्या सहकाऱ्याने दिली. पहिल्यांदा मी ती अर्ध्यात सोडली होती, कारण सुरुवातीला सांस्कृतिक क्रांतीची पानंच्या पानं आहेत आणि मला यानं, परग्रह हवे होते. सोडू नका. त्या पानांत एका मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांचं जे होतं, त्यातूनच पुढचा सगळा अनर्थ उगवतो.

एका ग्रहाला तीन सूर्य आहेत. दोन गोल एकमेकांभोवती कसे फिरतील ते गणिताने नेमकं सांगता येतं, तिसरा आला की कायमचं चालेल असं सर्वसाधारण सूत्रच मिळत नाही. म्हणून तिथे उद्या ऊन आहे की शंभर वर्षांचा गारठा, कुणालाच माहीत नसतं. वाईट काळ आला की तिथली माणसं अंगातलं पाणी काढून टाकतात, सुरळी करून कोठारात ठेवली जातात आणि बरे दिवस आले की त्यांना पाण्यात भिजवतात. वाकडच्या पुलाखाली बस अडकली होती तेव्हा हे मी आईला फोनवर सांगत होतो. आई बीडची, दुष्काळ पाहिलेली. ती म्हणाली, “म्हंजी वाळवणच की रे. सांडगे घालून ठेवल्यावानी.” मी दोन वेळा वाचूनही मला हे सुचलं नव्हतं. आता ती रोज विचारते, पुढं काय झालं.

हडपसर

मी सातवीला शिकवते. शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन. सध्या भा. रा. भागवतांचं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ चालू आहे, ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून केलेलं. पृथ्वीचा एक तुकडा माणसांसकट धूमकेतूबरोबर निघून जातो. वर्गात अर्धी मुलं फुरसुंगीहून येतात. फास्टर फेणे तुमच्याच गावचा, आणि त्याला लिहिणाऱ्यानेच हे लिहिलंय, असं सांगितल्यावर मागच्या बाकावरचे सगळे पुढे सरकले. एकाने विचारलं, “बाई, तुकडा गेला त्यात आमची शाळा असंल तर हजेरी कोण घेणार?” मी सांगितलं, बाई पण त्याच तुकड्यावर असतील. तेव्हा वर्ग गप्प झाला, मला वाटतं तेव्हा त्यांना पहिल्यांदा ती भीती खरी वाटली.

पुस्तक मला माझ्या शाळेतल्या बाईंनी दिलं होतं. परत करायचं राहिलंय.

सदाशिव पेठ

नारायण धारप. लोक त्यांच्या भयकथांतल्या भुतांपाशीच थांबतात. ‘नेनचिम’ ही त्यांची विज्ञान कादंबरी वाचा, मग बोलू.

बिबवेवाडी

मी परिचारिका आहे, रात्रपाळीत वाचते. भाचीने अर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ दिलं, १९६८ सालचं. इंग्रजी सोपं आहे, घाबरू नका. त्या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं, ते जपून ठेवायचं, कारण ज्याला नाव कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते. कथेचा नायक गेड, त्याच्या मागे लागलेल्या सावलीला नावच नाही, म्हणून तो तिच्यापासून पळत राहतो. शेवटी काय होतं ते सांगत नाही.

वाचताना मला भाचीचं बारसं आठवलं. मी तिची आत्या. पाळण्यात वाकून कानात ‘कुर्र’ केलं आणि सगळ्यांच्या आधी तिचं नाव तिला मी सांगितलं. पुस्तक परत देताना हे तिला म्हटलं, तर ती म्हणाली, “आत्या, म्हणून तर तुला दिलं.”

धायरी

मुलगा बारा वर्षांचा, मराठी माध्यम. टोल्किन वाचायचा हट्ट धरलाय. मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा अनुवाद, ‘स्वामी मुद्रिकांचा’, आम्ही ज्या वाचनालयात जातो तिथे आहे, पण मधला खंड कुणीतरी नेला तो आलाच नाही. तीन महिने मुलगा दर रविवारी फळीशी जाऊन बघतो. कुणाकडे असेल तर कळवा, कव्हर घालून परत देऊ.

औंध

मी शाळेत असताना आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यान असायचं. नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. मी पंधरा पैशांचं कार्ड आणलं, प्रश्न लिहिला: ‘अंतराळयानात पणती लावली तर ज्योत कुठे जाईल?’ प्रश्न बावळट वाटेल म्हणून ते टाकलंच नाही. सरांच्या ‘प्रेषित’ कादंबरीत खूण म्हणून राहिलं.

२० मे २०२५ ला सर गेले. त्या आठवड्यात लेकीने तेच ‘प्रेषित’ वाचायला घेतलं. परवा पुस्तक परत फळीवर ठेवताना कार्ड खाली पडलं. माझ्या प्रश्नाखाली तिने पेन्सिलीने एक गोल काढलाय आणि लिहिलंय, ‘वर-खाली नसतंच, म्हणून ज्योत गोल होते. अजून एक विचारू का?’